मारलं ते बेस केलं, पण ते आले कसे? : विदर्भाच्या दहा खासदारांना खुले पत्र

मा. खासदार,

स. न. वि. वि.

बुलढाण्यापासून गडचिरोलीपर्यंत विदर्भानं लोकसभेत पाठवलेल्या दहाही जणांना हे एकच पत्र आहे. तुमच्यात सत्ताधारी आहेत, विरोधकही आहेत. मी कोणाला मत दिलं ते इथं गौण. सीमेपलीकडून येणाऱ्या दहशतवादाशी सरकार ज्या पद्धतीनं लढतं ती पद्धत न्याय्य आहे का, एवढाच विषय आहे. रात्री नऊच्या चर्चेत आरडाओरडा करणाऱ्यांनी तो निकाली काढल्यासारखं दाखवलं, म्हणून तुम्हाला लिहितो. निकाल द्यायचं काम तुमचं होतं.

आधी माझी बाजू सांगून टाकतो, म्हणजे पत्र अर्ध्यावर फाडायला निमित्त नको. ७ मे २०२५ च्या पहाटे आपल्या सैन्यानं पाकिस्तानात आणि पाकव्याप्त काश्मीरमध्ये नऊ ठिकाणी हल्ले केले, म्हणजे ऑपरेशन सिंदूर, ते मला योग्य वाटतात. २२ एप्रिलला पहलगामच्या बैसरण कुरणावर २६ माणसं मारली गेली, धर्म विचारून मारली गेली. त्यांतली सहा आपल्या महाराष्ट्रातली होती. नऊ ठिकाणांत बहावलपूर होतं, त्याला मागचा इतिहास आहे. १९९९ च्या ३१ डिसेंबरला कंदाहारला पळवून नेलेल्या विमानातल्या प्रवाशांच्या बदल्यात आपण मसूद अझहरला सोडलं. पुढच्याच वर्षी त्यानं जैश-ए-मोहम्मद उभी केली, आणि बहावलपूर हे तिचं ठाणं. संसदेवरचा हल्ला, पठाणकोट, पुलवामा, प्रत्येक वेळी त्याच संघटनेचं नाव. संयुक्त राष्ट्रांच्या यादीत त्याला टाकायला १ मे २०१९ उजाडावा लागला, तोवर चीन आडवा येत राहिला. मुंबईवरच्या हल्ल्याचा सूत्रधार म्हणून आपण ज्याच्याकडे बोट दाखवतो तो लष्कर-ए-तय्यबाचा लख्वी एप्रिल २०१५ मध्ये पाकिस्तानच्या तुरुंगातून जामिनावर बाहेर आला. शेजारच्या सरकारला आपल्या अंगणातली टोळी आवरायचीच नसेल, तर ज्याच्या घरची माणसं मेली त्यानं किती वर्षं नुसते पुरावे पाठवत राहायचं? संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतल्या ५१ व्या कलमात स्वसंरक्षणाचा हक्क आहे. तो टोळ्यांविरुद्ध कुठवर ताणता येतो यावर कायद्याचे जाणकार भांडतात. माझ्या मते बहावलपूर त्या हक्कात बसतं.

तेव्हा प्रहाराला माझी हरकत नाही. प्रहार झाला की बाकी सगळे प्रश्न मिटले असं जे समजलं जातं, त्याला आहे.

त्या दिवशी सकाळी आमच्या गावात पारावर जो तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. पेढे वाटून झाले. एक म्हातारे कास्तकार, पंधरा एकरांत रात्रीच्या जागलीवर आयुष्य गेलेले, म्हणाले, "मारलं थे बेस केलं. पन थे आले कसे, हे कोन सांगन?" कोणी उत्तर दिलं नाही. तेच पुढं म्हणाले की वावरात रानडुकरं शिरली तर हाकलतोच आपण, पण उजाडल्यावर पहिलं काम कुंपण कुठं फाटलं ते पाहायचं. लोकसभेत २८ आणि २९ जुलैला ऑपरेशन सिंदूरवर जी चर्चा झाली, तिच्यात नेहरू आले, १९७१ आलं, अक्साई चीन आलं. बैसरणवर एवढे पर्यटक असताना एकही जवान का नव्हता, हा प्रश्नही आला. उत्तर तेवढं आलं नाही.

जम्मू-काश्मीरच्या नायब राज्यपालांनी जुलैत स्वतःच सांगितलं की पहलगाम ही सुरक्षेतली चूक होती आणि जबाबदारी आपली आहे. बरं वाटलं ऐकून. पण जबाबदारी घेतली म्हणजे पुढं काय झालं? आमच्या ग्रामपंचायतीत बोअरच्या पाइपात घोळ निघाला तर ग्रामसेवकाला कारणे दाखवा नोटीस येते, चौकशी लागते, कागद फिरतो. इथं २६ माणसं गेली आणि एका मुलाखतीतल्या एका वाक्यावर फाइल बंद.

बुलढाण्याच्या खासदारांनी हा परिच्छेद थोडा सावकाश वाचावा. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान गेले, त्यांत दोन तुमच्या जिल्ह्यातले होते. एक मलकापूरचा, दुसरा लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचा. अंत्ययात्रेला सगळे पुढारी आले होते. त्या दिवशी ७८ गाड्यांत अडीच हजारांवर जवान एकाच महामार्गानं निघाले होते, आणि स्फोटकं भरलेली एक मोटार त्यांच्या बसपर्यंत पोचली. राष्ट्रीय तपास संस्थेनं, म्हणजे एनआयएनं, पुढं १९ आरोपींवर आरोपपत्र ठेवलं, मसूद अझहरचं नाव त्यात आहे, तपास चांगला झाला. पण तो तपास मारणाऱ्यांचा. एवढा मोठा ताफा एकदम रस्त्यावर कोणी काढला, कोणती सूचना कोणाच्या टेबलावर होती, याचा अहवाल संसदेसमोर आलेला नाही. बारा दिवसांनी पाकिस्तानात बालाकोटवर हवाई हल्ला झाला आणि प्रश्न त्याच्या धुरळ्यात गेला. त्याआधी सप्टेंबर २०१६ मध्ये उरीच्या तळावर जे मेले त्यांत यवतमाळ आणि अमरावती जिल्ह्यांतली पोरं होती. त्यानंतर सर्जिकल स्ट्राइक झाला. उरीचं कुंपण कसं फाटलं ते मलकापूरवाल्यांना कळलं असतं तर कदाचित पुलवामा टळलं असतं. कदाचित नसतंही. पण ते तपासायचा हक्क त्यांचा होता.

असं विचारलं की लगेच उत्तर येतं, सैन्याचं मनोबल खचतं. कारगिलच्या वेळी कुठं खचलं? २६ जुलै १९९९ ला युद्ध संपलं आणि २९ जुलैला वाजपेयी सरकारनं के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जेमतेम तीन दिवस. फेब्रुवारी २००० मध्ये अहवाल संसदेत मांडला, नाजूक मजकूर झाकून मांडला, पण मांडला. गुप्तवार्तेतल्या त्रुटी त्यात लिहिल्या होत्या. त्यातून संरक्षण गुप्तवार्ता संस्था उभी राहिली, तिन्ही दलांचा एक प्रमुख असावा ही गोष्ट पुढं सरकली. ते सरकार कोणत्या पक्षाचं होतं हे सत्ताधारी खासदारांना मी काय सांगावं! आता उलट झालंय. सिंदूरमध्ये आपलीही काही विमानं पडली, हे संरक्षण दलप्रमुखांनी ३१ मे रोजी सिंगापुरात परदेशी माध्यमाला सांगितलं तेव्हा आम्हाला कळलं. लढाई थांबल्याची बातमी १० मे रोजी पहिल्यांदा अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पोस्टमधून आली. युद्ध आपलं, मेलेली माणसं पूंछची, गोळाफेकीत गेलेल्यांत शाळकरी मुलंसुद्धा, आणि खबर वॉशिंग्टनहून.

त्याच १० मे रोजी सरकारच्या सूत्रांनी जे सांगितलं त्याची तुम्ही सभागृहात नीट चिरफाड करायला हवी होती. यापुढं भारतावरचा कोणताही दहशतवादी हल्ला म्हणजे युद्धाची कृती समजली जाईल. टाळ्यांचं वाक्य आहे. पण त्याचा अर्थ असा निघतो की दोन अण्वस्त्रधारी देशांत युद्ध कधी पेटावं हे ठरवायची किल्ली बहावलपूरच्या मदरशात बसलेल्या माणसाच्या हातात गेली. त्याला नेमकं तेच हवं असतं. असा शब्द देऊन ठेवला की दोनच वाटा उरतात. एक तर प्रत्येक वेळी लढायचं, नाही तर शब्द मोडून हसं करून घ्यायचं.

ही परीक्षा लवकरच झाली. १० नोव्हेंबर २०२५ ला दिल्लीत लाल किल्ल्याजवळ मोटारीत स्फोट झाला, माणसं मेली. मंत्रिमंडळानं ठरावात त्याला दहशतवादी घटना म्हटलं. मग युद्ध झालं का? नाही झालं, आणि माझ्या मते सरकारचं तेव्हाचं वागणं बरोबर होतं. पोलीस आणि एनआयएनं धागे जुळवले, अटका झाल्या. शिवाय त्या टोळीचा बराच माल आधीच हाती लागला होता. श्रीनगरजवळ नौगामला भिंतींवर जैशची पत्रकं चिकटवलेली दिसली, स्थानिक पोलिसांनी त्यांचा माग काढला आणि तो माग थेट हरियाणात फरिदाबादला पोचला. सुमारे २,९०० किलो स्फोटक सामग्री सापडली. ती जर वापरली गेली असती तर किती घरं बसली असती, विचार करा. एवढं मोठं संकट टळलं ते क्षेपणास्त्रानं नाही, पत्रक वाचून शंका घेणाऱ्या पोलिसांमुळं. पुढं तोच माल तपासताना नौगामच्या ठाण्यात स्फोट झाला आणि नऊ माणसं गेली. त्यांच्यासाठी कोणत्या वाहिनीनं रात्रभर राष्ट्रगीत वाजवलं?

पहलगामचे मारेकरीसुद्धा असेच सापडले. सिंदूर मेमध्ये झालं. प्रत्यक्ष गोळ्या घालणारे तिघं २८ जुलैला श्रीनगरजवळच्या दाचीगामच्या जंगलात मारले गेले. गृहमंत्र्यांनी दुसऱ्या दिवशी लोकसभेत सांगितलं की त्यांच्या रायफली आणि बैसरणची काडतुसं चंदीगडच्या प्रयोगशाळेत जुळवून खात्री केली. महिनोन्‌महिने माग काढणं, प्रयोगशाळा, खबरी, असं कंटाळवाणं काम. ते आपल्याला येतं. मुंबईच्या हल्ल्यात तुकाराम ओंबळेंनी नुसत्या लाठीनिशी कसाबला धरून ठेवला म्हणून तो जिवंत सापडला. त्याच्यावर उघड न्यायालयात खटला चालला, त्याला वकील दिला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊ दिलं आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी दिलं. चार वर्षं लागली. बिर्याणीचे विनोद झाले. पण कट पाकिस्तानात शिजला हे जगाला सांगताना आजही आपण त्याच खटल्याचा आधार घेतो, आणि त्याच कटातला आरोपी तहव्वूर राणाला एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेनं आपल्या हवाली केलं तेही न्यायालयांच्या वाटेनंच.

उलट्या वाटेनं गेलेल्यांचंही पाहून झालं आहे. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेनं अफगाणिस्तानात सैन्य घातलं, ते मी समजू शकतो. मग २००३ मध्ये इराकमध्ये घुसली. ज्या शस्त्रांसाठी गेली ती सापडलीच नाहीत. वीस वर्षांनी, १५ ऑगस्ट २०२१ ला, काबूलमध्ये तालिबान परत आलं. आपला स्वतःचाही अनुभव आहे. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाल्यावर ऑपरेशन पराक्रमच्या नावानं दहा महिने सैन्य सीमेवर उभं ठेवलं. एकही लढाई न होता शेकडो जवान गेले, सुरुंग पेरताना आणि काढताना गेले. सीमेवरच्या कास्तकारांच्या वावरात ते सुरुंग होते.

कास्तकारांचं निघालं म्हणून कापसाचं बोलतो. आपल्या कापसाच्या मोठ्या गिऱ्हाइकांत एकेकाळी पाकिस्तान होता. ऑगस्ट २०१९ मध्ये पाकिस्ताननंच व्यापार तोडला. ३१ मार्च २०२१ ला तिथल्या समितीनं भारताचा कापूस आणि साखर घ्यायचं ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी मंत्रिमंडळानं ते फिरवलं. एप्रिल २०२५ मध्ये आपण अटारीची चौकीच बंद केली. ठीक आहे, देशासाठी एक गिऱ्हाईक सोडलं. पराटीवाल्यानं याहून जास्त सोसलं आहे. पण १२ मेच्या भाषणात पंतप्रधानांनी ठणकावलं की दहशत आणि व्यापार एकत्र चालणार नाही, आणि १४ सप्टेंबरला दुबईत भारत-पाकिस्तान क्रिकेट सामना झाला. हस्तांदोलन केलं नाही म्हणे. आमच्या सरकीलाही हस्तांदोलन नको होतं, नुसता भाव हवा होता. लांब धाग्याचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर करायचा आणि ऑगस्ट २०२५ मध्ये विदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवायचं, हे दहशतवादात बसत नाही हे मला कळतं. पण खेडा खरेदीवाला दारात येऊन भाव पाडतो तेव्हा देशासाठीचा त्याग कोण करतो आणि कोण करत नाही, याचा हिशेब डोक्यात आपसूक सुरू होतो.

सिंधूच्या पाण्याबद्दल मात्र माझं मत सरकारच्या अगदी विरुद्ध आहे. १९६० चा करार २३ एप्रिल २०२५ ला स्थगित केला. त्या करारानं सिंधू, झेलम, चिनाब मुख्यत्वे पाकिस्तानला दिल्या; रावी, बियास, सतलज आपल्याला. तीन युद्धं झाली तरी तो टिकला होता. मोठ्या नद्यांचं पाणी लगेच अडवायला आपल्याकडे तेवढी धरणंच नाहीत. २२ एप्रिल १९८८ ला पायाभरणी झालेला, ३७२ कोटींत होणार होता तो गोसीखुर्द धरण प्रकल्प अजून पुरता झालेला नाही, हे भंडारा आणि चंद्रपूरच्या खासदारांना माहीत आहे. चिनाब कधी अडवणार? आणि समजा अडवली, तर तहान लागेल कोणाला? मसूद अझहरला नाही. तिकडच्या पंजाबातल्या गहू-कापूसवाल्याला लागेल, ज्याला रावळपिंडीतले सेनापती विचारतही नाहीत. कोरडवाहू वावरात पिकं जळताना पाहिलेल्या माणसाला हे शस्त्र पटत नाही. बहावलपूरचा तळ उडवणं वेगळं आणि बहावलपूरच्या पाटाचं पाणी तोडणं वेगळं.

ही लढाई विदर्भापासून दूर आहे असं कोणी समजू नये. तिचा दारूगोळा इथूनच जातो. पुलगावचं मध्यवर्ती दारूगोळा भांडार, भद्रावतीची आणि भंडाऱ्याच्या जवाहरनगरची आयुध निर्माणी, अंबाझरी, नागपूरच्या आसपासचे खासगी कारखाने. ३१ मे २०१६ ला मध्यरात्रीनंतर पुलगावला आग लागली, अधिकारी, जवान आणि आग विझवणारे मिळून डझनावर माणसं गेली. २० नोव्हेंबर २०१८ ला तिथंच जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला, सहा मेले, त्यांत आजूबाजूच्या गावांतले रोजंदारीवाले होते. १७ डिसेंबर २०२३ ला नागपूरजवळ बाजारगावच्या खासगी स्फोटक कारखान्यात नऊ कामगार गेले, त्यांत सहा बाया. २४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरला आठ. यातल्या कोणाला शहीद म्हणत नाहीत. कोणाच्या नावानं चौकात फलक लागत नाही. मदत जाहीर होते आणि विषय संपतो. सीमेपलीकडं नऊ ठिकाणी अचूक मारा केला याचा अभिमान असेल, तर तो माल भरणाऱ्या हातांच्या सुरक्षेचं ऑडिट संसदेत मागायला लाज कसली?

यवतमाळचा एक प्रसंग तुम्हाला आठवत असेल, नसेल तर आठवून घ्या. पुलवामानंतर आठवडाभरात यवतमाळात शिकायला आलेल्या काश्मिरी पोरांना रस्त्यावर गाठून मारहाण झाली. जिल्ह्यानं उरीत जवान गमावलेला होता, राग खरा होता. पण मार कोणाला पडला? घरापासून एवढ्या लांब शारीरिक शिक्षणाची पदवी घ्यायला आलेल्या पोरांना. पहलगामला पर्यटकांना वाचवायला जाऊन गोळी खाणारा घोडेवाला काश्मिरीच होता. सरकारनं सिंदूरच्या वेळी दोन महिला अधिकाऱ्यांना पुढं बसवलं, त्यांत एक मुसलमान कर्नल होती, चांगला संदेश गेला. तिच्याबद्दल मध्य प्रदेशातला एक मंत्री जे बोलला त्यावर उच्च न्यायालयाला स्वतःहून गुन्हा नोंदवायला लावावं लागलं. तुमच्यापैकी किती जण तेव्हा बोललात?

मागणं थोडकं आहे. पुलवामा आणि पहलगाम या दोन्हींसाठी कारगिलसारखी स्वतंत्र समिती नेमा म्हणावं, आणि अहवाल, हवा तर काळ्या पट्ट्या मारून, सभागृहात ठेवा म्हणावं. दहशतवादी हल्ला म्हणजे युद्ध हे देशाचं धोरण आहे की पत्रकारांना सांगायचं वाक्य, हे सरकारनं लोकसभेत लेखी सांगावं. धोरण असेल तर त्यावर मतदान घ्या. विरोधकांनी फक्त विमानं किती पडली एवढंच विचारत बसू नये. तो आकडा कधी तरी कळेलच. आणि जवाहरनगर, पुलगाव, बाजारगाव या तिन्ही ठिकाणच्या चौकशी अहवालांवर पुढं काय कारवाई झाली, ते वर्धा, रामटेक आणि भंडाऱ्याच्या खासदारांनी तरी विचारावं.

पुढच्या अधिवेशनात कोणी काय विचारलं ते लोकसभेच्या संकेतस्थळावर दिसतं. प्रश्नाखाली विचारणाऱ्याचं नाव असतं. गावातली पोरं आता ते काढून पारावर वाचून दाखवतात.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक कापूस उत्पादक
ता. देवळी, जि. वर्धा